शांघाय ऐकू आले, हुनान नाही

1928 च्या उन्हाळ्यात सुरतेजवळच्या सचिनच्या दोन्ही बाजूंना लढे पेटलेले होते. उत्तरेला उधन्याहून खानदेशाकडे फुटणाऱ्या ताप्ती व्हॅलीच्या लाइनवर बारडोली. तिथल्या शेतकऱ्यांनी वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली फेब्रुवारीपासून वाढीव सारा भरायचे नाकारले होते. दक्षिणेला मुख्य लाइनच्या टोकाशी मुंबई. तिथे एप्रिलच्या अखेरीपासून सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. बारडोलीत समोर मुंबई सरकार होते. गिरणगावात गिरणीमालक होते आणि त्यांच्या पाठीशी तेच सरकार. बारडोलीचा लढा काँग्रेसचा, गिरणगावाचा मुख्यतः कम्युनिस्टांचा. मधे सिद्दी नवाबाचे सचिन संस्थान, जिथे यातले काहीच चालू नव्हते.

हे दोन लढे एका प्रांतात, एका वर्षी आणि एकाच रेल्वेच्या पल्ल्यात झाले, तरी त्यांची गाठ पडली नाही. भारतात राष्ट्रवादी आणि कम्युनिस्ट यांचे चीनसारखे यादवी युद्ध का झाले नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण गांधींच्या अहिंसेपाशी किंवा ‘भारतीय स्वभावा’पाशी थांबतो. मला दोन्ही उत्तरे सोयीची वाटतात, पुरेशी वाटत नाहीत. उत्तराचा मोठा भाग या न पडलेल्या गाठीत आहे.

चीनमध्ये ती गाठ एकाच पक्षाच्या पोटात पडली होती. 1921 मध्ये शांघायला स्थापन झालेला कम्युनिस्ट पक्ष सुरुवातीला मूठभर बुद्धिमंतांचा होता. 1924 च्या जानेवारीत कँटनला सुन यत्सेनच्या क्वोमिंतांगचे अधिवेशन झाले आणि कम्युनिस्टांनी वैयक्तिक सभासद म्हणून त्या पक्षात यावे असे ठरले. व्हांपोआच्या लष्करी शाळेचा प्रमुख चँग कै-शेक आणि तिथल्या राजकीय विभागाची सूत्रे चौ एन-लायकडे, अशी ती व्यवस्था. सुन यत्सेन 1925 च्या मार्चमध्ये वारला. मे महिन्यात शांघायच्या एका जपानी कापडगिरणीत गू झंगहोंग नावाचा कामगार मारला गेला, आणि 30 मे रोजी निषेध करणाऱ्या जमावावर परकीय वसाहतीच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या पोलिसांत शीख शिपाई होते, हे आपण विसरू नये. त्यानंतर शहरे पेटली. 1925 च्या आरंभी कम्युनिस्टांचे हजारही सभासद नव्हते. 1927 च्या एप्रिलमध्ये ते 57 हजारांच्या वर गेले.

त्याच एप्रिलच्या 12 तारखेला चँगने दगा दिला. शांघायच्या कामगारांनी तीनच आठवड्यांपूर्वी उठाव करून शहर त्याच्या सैन्यासाठी मोकळे केले होते. त्याच कामगारांवर दू युएशंगच्या ग्रीन गँगचे गुंड आणि चँगचे सैनिक तुटून पडले. शेकडो मेले की हजारो, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. वर्षअखेर पक्षात जेमतेम दहा हजार माणसे उरली होती.

शांघायची बातमी मुंबईत केवळ वर्तमानपत्रातून आली नाही. 1927 च्या जानेवारीतच इंग्रजांनी शांघायच्या ‘संरक्षणा’साठी भारतीय पलटणी पाठवल्या होत्या आणि काँग्रेसने त्याचा निषेध केला होता. फिलिप स्प्रॅट या इंग्रज कम्युनिस्टाने त्या वर्षी ‘इंडिया अँड चायना’ नावाची पुस्तिका लिहिली, ती मुंबईतले कम्युनिस्ट मिरजकर यांनी प्रसिद्ध केली, आणि सरकारने तिच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. मुंबई हायकोर्टातल्या ज्यूरीने स्प्रॅटला निर्दोष ठरवले. चीनविषयी लिहिल्याबद्दल मुंबईत खटला होतो आणि मुंबईचेच नागरिक लेखकाला सोडतात, एवढा चीन तेव्हा या शहराच्या जवळ होता. तो तसा पूर्वीपासूनच होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या त्या बऱ्याच अंशी चीनला सूत विकून. ती बाजारपेठ पुढे जपानने आणि खुद्द शांघायच्या गिरण्यांनी घेतली. मुंबईच्या गिरणीमालकांना ‘काटकसर’ सुचली आणि 1928 चा संप पेटला, त्यामागे ही गेलेली बाजारपेठही होती.

मुंबईतली राजकीय मांडणीही तोवर कँटनसारखीच होती. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर ही मंडळी 1927 मध्ये निघालेल्या कामकरी शेतकरी पक्षात होती आणि काँग्रेसमध्येही होती. निंबकर मुंबई प्रांतिक काँग्रेसचे चिटणीस होते. ‘क्रांती’ हे मराठी साप्ताहिक निघत होते. 22 मे 1928 रोजी, संप चालू असतानाच, गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे स्वतः गिरणीतला माणूस. वर्षअखेर युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली. संपसमितीत ना. म. जोशींसारखे नेमस्तही होते. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र वर्मावर बोट ठेवले. अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात, म्हणजे विणकामात, प्रवेश नव्हता, आणि तो मिळवून देणार नसाल तर आमच्या माणसांनी संपात का राहावे, असा त्यांचा सवाल होता. कामगार एकजुटीच्या पोटातली ही चीर डांग्यांना दिसत नव्हती असे नाही. ती पाहण्याची त्यांना घाई नव्हती.

त्याच काळात मॉस्कोत, 1928 च्या जुलै ते सप्टेंबरात, कॉमिन्टर्नची, म्हणजे कम्युनिस्ट इंटरनॅशनलची, सहावी काँग्रेस भरली आणि शांघायचा धडा साऱ्या जगाला लागू झाला. राष्ट्रीय भांडवलदार वर्ग शेवटी दगाच देतो. त्याच्या पक्षात राहू नका, त्याला उघडे पाडा. कामकरी-शेतकऱ्यांचे संमिश्र पक्षही नकोत. ज्या पक्षाची माणसे नुकतीच मारली गेली होती त्याच्या दृष्टीने हा धडा समजण्यासारखा होता. मुंबईने मात्र तो जसाच्या तसा उचलला. 1930 च्या मार्च-एप्रिलमध्ये गांधींची दांडीयात्रा सुरत, दिंडोली, वांझ, नवसारी अशी सचिनच्या अगदी शेजारून गेली. मुंबईचे कम्युनिस्ट तेव्हा या चळवळीकडे भांडवलदारांचे नाटक म्हणून पाहत होते. सर्वसामान्य माणूस ज्या वर्षी प्रथमच कायदा मोडायला रस्त्यावर आला, त्या वर्षी ते बाजूला उभे राहिले. त्यांचे उत्तम पुढारी 1929 च्या धरपकडीनंतर मीरतच्या तुरुंगात होते ही सबब खरी आहे, पण अपुरी. धोरण तुरुंगाबाहेरही तेच होते.

आणि काँग्रेस क्वोमिंतांग नव्हती. 20 मार्च 1929 ला सरकारने डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, आळवे, स्प्रॅट आदींना धरून मीरतला नेले, तेव्हा त्यांच्या बचावासाठी समिती नेमली ती काँग्रेसच्या पुढाऱ्यांनी. नेहरू त्यात होते. खुद्द गांधी त्या वर्षी मीरतच्या तुरुंगात या कैद्यांना भेटून आले. चँग कै-शेकने असे कुणाला भेटल्याचे ऐकिवात नाही. फरक स्वभावाचा होता असे म्हणता येईल, पण त्याहून मोठा फरक साधा होता. चँगकडे फौज होती, काँग्रेसकडे नव्हती. भारतात दगा द्यायला लागणारी हत्यारे तिसऱ्याच्या हातात होती आणि तो तिसरा या दोघांनाही तुरुंगात टाकत होता.

ज्याने चीन आणि भारत दोन्ही आतून पाहिले असा एकच मोठा माणूस त्या वेळी होता. मानवेंद्रनाथ रॉय 1927 च्या एप्रिलमध्ये कॉमिन्टर्नचे दूत म्हणून वुहानला पोचले. क्वोमिंतांगच्या डाव्या गटाचा नेता वांग जिंगवेई याला त्यांनी स्टालिनची गुप्त तार दाखवली. तीत जमिनी ताब्यात घ्या, स्वतःची फौज उभारा अशा सूचना होत्या. वांगने त्या वाचून कम्युनिस्टांना पक्षाबाहेर काढले. हा भोळेपणा होता की हताश डाव, यावर वाद चालू राहील. पण 1920 मध्ये लेनिनसमोर राष्ट्रवादी भांडवलदारांवर विश्वास ठेवू नका असे सांगणारे हेच रॉय 1930 च्या डिसेंबरात गुपचूप मुंबईला परतले, आणि येऊन त्यांनी काय सांगितले? काँग्रेसमध्ये शिरा, तिथेच काम करा. कॉमिन्टर्नने तोवर त्यांना काढून टाकले होते, त्यामुळे मुंबईच्या अधिकृत कम्युनिस्टांना त्यांचे ऐकायचे कारण नव्हते. त्यांचे ऐकले ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, व. भ. कर्णिक अशा मोजक्या माणसांनी. पुढे महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनात या गटाने मोलाची भर घातली, हे वेगळे. राजकारणात ते नेहमी एका खोलीत मावतील एवढेच राहिले.

शांघायच्या धड्याइतकाच, किंबहुना त्याहून मोठा असा दुसरा धडा चीनमध्ये त्याच वर्षी लिहिला जात होता. तो मात्र इकडे कुणी वाचला नाही. 1927 च्या जानेवारी-फेब्रुवारीत माओने हुनानच्या पाच तालुक्यांत 32 दिवस फिरून शेतकरी चळवळीचा अहवाल लिहिला. ही दृष्टी त्याला पक्षाबाहेर मिळालेली नव्हती. कँटनची शेतकरी प्रशिक्षण संस्था क्वोमिंतांगचीच होती, आणि पंग पाय, माओ असे कम्युनिस्ट ती चालवत होते. राष्ट्रवादी पक्षाच्या खर्चाने आणि शिक्क्याने कम्युनिस्ट खेड्यात पोचले. चँगने त्यांना शहरातून हाकलले तेव्हा त्यांच्याकडे परतायला जागा होती.

मुंबईच्या कम्युनिस्टांना असा रस्ता नव्हता असे म्हणणे अवघड आहे. त्यांचा कामगार मुळात शेतकरीच होता. संप लांबला की हजारो माणसे रत्नागिरी, सातारा, घाटावरच्या गावांत परत जात, आणि संप टिके तो त्या गावांच्या भाकरीवर. युनियनच्या पावत्या खिशात घेऊन तो माणूस कोकणातल्या खोताच्या वाड्यासमोर उभा राहत होता. पक्षाच्या नावात शेतकरी होता, पण पक्ष परळ-लालबागच्या पलीकडे फारसा गेला नाही.

आता बारडोलीकडे पाहू. वल्लभभाईंनी तिथे सरकारला नमवले. 22 टक्क्यांच्या साऱ्यावाढीवर चौकशी बसली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. पण हा विजय मुख्यतः पाटीदार आणि अनाविल जमीनधारकांचा होता. त्यांच्या शेतांवर हाळी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला दुबळा, ज्याला आज हळपती म्हणतात, त्याचा साऱ्याशी संबंध नव्हता, कारण त्याच्या नावे जमीनच नव्हती. काँग्रेसने त्याच्यासाठी आश्रम काढले, चरखा दिला, दारूबंदीची शपथ दिली. मालकाशी त्याचे भांडण लावून दिले नाही, कारण मालक तिचाच होता. हुनानचा अहवाल वाचलेल्या कुणालाही बारडोलीत याच माणसाकडे बोट दाखवावे लागले असते. 1938 च्या सुमारास इंदुलाल याज्ञिकांच्या किसान सभेने ते दाखवले. तोवर दहा वर्षे गेली होती आणि खेडे काँग्रेसचे झाले होते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. समजा डांगे उद्या उठून बारडोलीशेजारच्या वालोडला गेले असते, तरी काय झाले असते? माओला चिंगकांग डोंगर मिळाला, डांग्यांना कोणता मिळणार होता? या आक्षेपाचे उत्तर देताना सचिन कामाला येते. सचिनची मराठी वाचकाला ओळख असलीच तर जंजिऱ्यामुळे. 1791 मध्ये सिद्दी बाळूमियाँने जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि बदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. पेशव्यांना जंजिरा कधीच मिळाला नाही. नाना फडणविसांच्या वहीतली ही एक न वसूल झालेली बाकी. संस्थान मात्र 1948 पर्यंत टिकले. त्याची गावे विखुरलेली होती. काहींच्या भोवती इंग्रजी मुलूख, काहींच्या भोवती गायकवाडांचा. नकाशा पाहिला तर दक्षिण गुजरात त्या काळच्या चीनसारखाच फाटक्या ठिगळांचा दिसतो.

माओने 1928 च्या ऑक्टोबरात, गिरणगावातला संप मिटला त्याच आठवड्यात, एक निबंध लिहिला. चारी बाजूंनी शत्रू असताना एखाद्या कोपऱ्यात लाल सत्ता टिकते कशी, हा त्याचा प्रश्न. त्याचे एक प्रमुख कारण त्याने दिले ते असे की शत्रू आपसांत लढत आहेत. हुनानचा सरदार चिआंग्शीच्या सरदाराला मदत करत नाही, म्हणून दोन प्रांतांच्या सीमेवरचा डोंगर सुरक्षित राहतो. सचिन, बडोदा आणि सुरत जिल्हा यांच्या सीमा नकाशावर कितीही गुंतागुंतीच्या असल्या तरी त्यांच्यामधे असा डोंगर नव्हता. नवाब, महाराजा आणि कलेक्टर शेवटी एकाच सार्वभौम सत्तेच्या छायेत होते, आणि रेल्वे व तार त्या सत्तेच्या हातात. संस्थान ही फट वाटे, ती भिंतीवर काढलेली रेघ होती. म्हणून आक्षेप निम्मा मान्य करावा लागतो. सशस्त्र लाल प्रदेश इथे उभा राहू शकला नसता. पण प्रश्न फौजेचा नव्हताच. प्रश्न हळपतीच्या आणि कोकणातल्या कुळाच्या बाजूने कोण उभे राहते हा होता, आणि त्याला डोंगर लागत नाही.

याचा पुरावा 1938 सालाने दिला. त्या वर्षी इतक्या गोष्टी एकदम घडल्या की चीन आणि मुंबई यांचे धागे एकमेकांत अडकलेले दिसतात. 10 जानेवारीला आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने खोती रद्द करण्यासाठी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. त्यात शामराव परुळेकर होते, याज्ञिक होते, डांगेही आले. गिरणी आणि खेडे यांची गाठ पहिल्यांदा पडली ती मॉस्कोच्या सूचनेवरून पडली नाही. ती आंबेडकरांच्या पुढाकाराने पडली. फेब्रुवारीत सुरत जिल्ह्यातच, बारडोली परिसरातल्या हरिपुऱ्याला, सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली. तिने जपानी आक्रमणाचा निषेध केला आणि जपानी माल घेऊ नका असे लोकांना सांगितले. चीनमध्ये तोवर चँग आणि कम्युनिस्ट यांनी जपानविरुद्ध पुन्हा हात मिळवले होते. आठव्या मार्ग सेनेचा सेनापती चू तेह याने नेहरूंकडे मदत मागितली होती. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला मुंबईहून पाच डॉक्टर निघाले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. हान्कौला ते चँगच्या सरकारचे पाहुणे झाले आणि 1939 च्या फेब्रुवारीत येनानला माओच्या मुलखात पोचले.

डॉक्टरांना निरोप देऊन दोन महिने होतात न होतात तोच, 7 नोव्हेंबर 1938 रोजी, मुंबईत संप झाला. बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले होते. त्यात संपाच्या हक्काला कात्री लावली होती. त्याविरुद्ध आंबेडकर आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर आले. पोलिसांनी गोळीबार केला. गृहखाते काँग्रेसच्या मंत्र्याकडे, कन्हैयालाल मुनशींकडे होते. भारतात शांघायच्या सर्वांत जवळ जाणारा दिवस हाच म्हणावा लागेल. तरी अंतर केवढे! एका बाजूला फौजी दगा आणि मुंडक्यांची रास, दुसऱ्या बाजूला विधेयक, एक दिवसाचा संप आणि गोळीबार. काँग्रेस सत्तेवर आली की मालकाच्या बाजूने झुकते हे कम्युनिस्टांचे भाकीत खरे ठरले. ती चँगसारखे करील हे ठरले नाही. दहा वर्षे या दोन विधानांतला फरक त्यांनी पाहिला नव्हता.

1942 मध्ये विसंगती टोकाला गेली. फेब्रुवारीत चँग कै-शेक कलकत्त्यात गांधींना भेटला. जूनमध्ये गांधींनी त्याला पत्र लिहून सांगितले की इंग्रजांनी जावे ही आमची मागणी चीनच्या लढ्याला दुबळे करण्यासाठी नाही. कम्युनिस्टांचा संहारक असा भारतीय राष्ट्रवाद्यांचा मित्र होता. ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ झाले. कम्युनिस्टांनी महायुद्धाला लोकयुद्ध म्हटले, त्यांच्यावरची बंदी उठलेली होती, आणि मराठी मुलखातले काँग्रेस कार्यकर्ते त्यांना फितूर म्हणू लागले. 9 डिसेंबरला उत्तर चीनच्या लाल प्रदेशात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस वारले. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर 1946 मध्ये चित्रपट काढला आणि महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. काँग्रेसने पाठवलेला हा डॉक्टर मरताना चिनी कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता, ही गोष्ट त्या कौतुकात सहसा बाजूला राहते. राष्ट्रवाद्यांना ती अडचणीची, आणि कम्युनिस्टांना त्यांच्या 1942 ची आठवण करून देणारी.

खेड्यात मराठी कम्युनिस्ट गेले ते उशिरा, पण गेले. 1945 मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी तलासरी-उंबरगावच्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे केले. हा मुलूख सुरत-मुंबईच्या त्याच रेल्वेवर, सचिनच्या दक्षिणेला. ऑक्टोबरात पोलिसांच्या गोळीबारात आदिवासी मेले, तरी चळवळ मोडली नाही. आजही त्या पट्ट्यात लाल बावटा दिसतो, परळमध्ये दिसत नाही. सातारच्या प्रतिसरकारची हकीकत उलट्या दिशेची. खेड्यांत खरी सत्ता उभारणारे नाना पाटील गांधींचे नाव घेऊन उठले आणि स्वातंत्र्यानंतर शेतकरी कामगार पक्षातून कम्युनिस्ट पक्षात गेले. 1957 मध्ये ते सातारहून लोकसभेत निवडून आले. माणसे गावातून पक्षाकडे आली तेव्हा टिकली. पक्षाने ठराव करून गाव शोधले तेव्हा फारसे काही लागले नाही.

1949 ने या साऱ्यावर कडी केली. पक्षाचे सरचिटणीस तेव्हा भालचंद्र त्र्यंबक रणदिवे होते, मुंबईच्या कामगार चळवळीत घडलेले. आंध्रचे कॉम्रेड तेलंगणाच्या शेतकरी लढ्याच्या अनुभवावरून चीनच्या मार्गाने जाऊ म्हणत होते. रणदिव्यांनी त्या उन्हाळ्यात माओचा अधिकार जाहीरपणे नाकारला. शहरातले कामगार आणि संप हाच क्रांतीचा मार्ग अशी त्यांची खात्री. ऑक्टोबरमध्ये माओने पेकिंगला प्रजासत्ताकाची घोषणा केली, आणि 1950 च्या जानेवारीत कॉमिन्फॉर्मच्या मुखपत्राने भारताला चीनचा रस्ता सुचवला. काही महिन्यांत रणदिवे पदावरून गेले. बावीस वर्षांपूर्वी परक्या शहराचा धडा निमूट घेणाऱ्या पक्षाने परक्या खेड्याचा धडाही तितक्याच निमूटपणे घेतला.

सचिनचे नवाब कधीच गेले. संस्थानाच्या जमिनींवर आता जीआयडीसीची वसाहत आहे, लूम्सचे कारखाने आणि डाइंगच्या मिल आहेत. तिथे काम करणाऱ्यांत जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे मोठ्या संख्येने आहेत, आणि ती येतात बारडोलीवरून जाणाऱ्या त्याच ताप्ती व्हॅलीच्या गाडीने. गावाकडे दोन-चार एकर कोरडवाहू, इथे बारा तासांची पाळी. 1928 मध्ये एका पक्षाच्या वाट्याला शेतकरी आला होता आणि दुसऱ्याच्या वाट्याला कामगार. सचिनमध्ये ते दोघे एकाच माणसात आहेत, आणि युनियन म्हणाल तर नावालाच. त्याच्या पगारवाढीची बोलणी मुकादम करतो, मतांची बोलणी समाजाचे पुढारी करतात, आणि या दोन्ही ठिकाणी तो खानदेशी म्हणून मोजला जातो.